तारखेला नेलेले साठ जण

माझी मावशी तुरुंग चालवते. शाळेत असल्यापासून मी हे वाक्य लोकांच्या तोंडावर फेकत आलेय. समोरचा आधी हसतो, मग गप्प होतो, मग विचारतो, "म्हणजे, आत?" आतच. तुरुंग कुणी बाहेरून चालवतं का! मला फार भारी वाटायचं तेव्हा. मागच्या वर्षीपासून मी हे वाक्य बोलणं सोडलंय. का ते सांगते, पण आधी तुम्हाला मावशी कळायला पाहिजे, नाहीतर तुम्ही तिला लगेच वाईट ठरवाल आणि मला ते चालणार नाही. ठरवायचंच असेल तर शेवटी ठरवा, आणि दोघींना मिळून ठरवा.

तर मावशी. आईची धाकटी बहीण, चौघींतलं शेंडेफळ. तिला शाळेत कवायतीची बाई व्हायचं होतं, शिट्टी वाजवायला मिळते म्हणून. परीक्षा दिली भलत्याच खात्याची आणि बाविसाव्या वर्षी तुरुंगात शिपाई म्हणून लागली. आजोबांनी वर्षभर शेजारपाजारी सांगितलंच नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "सरकारी वसतिगृहावर आहे." शिपायाची हवालदार झाली, मग जेलर, आणि सहा वर्षांपूर्वी अधीक्षक, म्हणजे तिथली सगळ्यात वरची. बुटकी आहे. दोन्ही गुडघे गेलेत. आणि आवाज असा की ती कुजबुजली तरी तीन भिंतींपलीकडे कळतं कोणाबद्दल बोलतेय. सव्वीस वर्षांत तिला एक खोड लागलीय, कुठल्याही खोलीत गेली की माणसं मोजते. आमच्याकडे आली की दारातूनच म्हणते, "ताई, तुमच्या हॉलमध्ये चाळीस जण आरामात निजतील बघ."

आई म्हणते, "आधी तू तर बस. मग आण चाळीस."

हा तुरुंग एकशेवीस माणसांसाठी बांधलेला. मी तिथे जायला लागले तेव्हा आत होते दोनशे शहाण्णव. हा आकडा नुसता ऐकून काही कळत नाही, मलाही नव्हतं कळलं. मग मोजणीकाकांनी मला बराक दाखवली. मोजणीकाका म्हणजे तिथले जुने हवालदार, दिवसातून चार वेळा माणसं मोजायचं काम त्यांचं, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. त्यांनी बुटाच्या टोकानं फरशी दाखवली. म्हणाले, "एका माणसाला अडीच लाद्या." मी विचारलं, लांबीला? ते हसले. रुंदीला. म्हणजे उताणं झोपायचं नाहीच, कुशीवर. आणि एकट्यानं कूस बदलायची सोय नाही, कारण शेजारचा पोटात गुडघा घालून पडलेला असतो. त्यामुळे रांगेतला कुणीतरी "पलटी!" म्हणतो आणि वीस माणसं एकदम फिरतात. तरीही सगळे मावत नाहीत. मग काही जण रात्री बसून काढतात आणि सकाळी त्यांची झोपायची पाळी. बरं, यातले शिक्षा झालेले किती? मोजून तीस-बत्तीस. बाकी सगळे नुसते तारखेची वाट बघणारे.

आणि एवढ्या गर्दीत मावशीनं एक अख्खा हॉल रिकामा ठेवला होता.

रिकामा म्हणजे वर्गासाठी. स्वयंपाकघराच्या मागचं जुनं गोदाम. तीन खिडक्या, दोन पंखे. सकाळी अक्षरओळख, दुपारी शिवणकाम, आणि कोपऱ्यात भट्टी, तिच्यात पाव भाजायला शिकवायचे. एका वेळी चाळीस जण. त्या हॉलमध्ये साठ माणसं झोपली असती, हे सगळ्यांना माहीत होतं, मावशीलाही. शिपाई कुरकुरायचे, कैदीसुद्धा कुरकुरायचे. मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "झोपायला जागा दिली की माणूस झोपेल. मग उठून भांडेल. मला एक खोली अशी पाहिजे जिथे तो उठून बसेल."

गंमत म्हणजे वर्गाला तोबा गर्दी. नाव नोंदवायला वशिले. मला वाटलं, वा, काय ही शिकायची ओढ! दुसऱ्या दिवशी कळलं. अक्षरओळखीच्या पहिल्या बाकावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, आणि ते खरोखरच मास्तर होते, तीस वर्षं शाळेत शिकवलेले. मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला तर सगळं येतं की हो."

"येतं ना ताई. पण विसरलो तर? उजळणी बरी असते," म्हणाले, आणि बाकाखाली दोन्ही पाय लांब सोडले, अगदी टाचेपर्यंत. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरांचा अभ्यास पायापासून सुरू होतो."

मावशीला हे माहीत होतं. ती म्हणायची, "पाय सोडायला येतात. येऊ देत. अर्धे पाय सोडता सोडता शिकतात."

मी तिथे काय करत होते? कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शंभर तास समाजसेवा करावी लागते. बाकीची पोरं झाडं लावायला गेली, मी म्हटलं मावशीकडे जाऊ, ऑफिसात पंखा आहे, चहा आहे. सकाळी अक्षरं शिकवायची, दुपारी ऑफिसात टायपिंग. मी टाइप भयंकर जोरात करते. मावशीचा कारकून एक अर्ज दोन दिवस टाइप करायचा, मी आल्यावर त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला तो सरकवलाच.

आणि वर्गात होता सुतार. नाव लिहीत नाही. तिथे सगळे त्याला सुतारच म्हणायचे. तिशीतला असेल. बांधकामावर भांडण झालं, एकाचा हात मोडला, त्यात हा आत. चौदा महिने. एकदा जामीन नाकारला, मग वकीलच बदलला, मग तारखा. बोलायचा कमी. वर्गातले डुगडुगणारे बाक त्यानं न सांगता दुरुस्त केले. बायको आणि सहा वर्षांची मुलगी बाहेर, एका भाड्याच्या खोलीत. एक दिवस वर्ग सुटल्यावर तो थांबला. स्वतःहून बोलायची त्याची ती पहिलीच वेळ.

"ताई, या बुधवारी माझी तारीख आहे. वकील म्हणतो या वेळेला होणार म्हणजे होणार."

"अरे वा!"

"होय. झालं तर बरं. मेहुणा येतोय रविवारी. बायकोला नि पोरीला त्याच्या गावी घेऊन जायचं म्हणतो. चौदा महिने थांबली ती, आता कुणाच्या जिवावर थांबणार? मी म्हटलं, बुधवारपर्यंत थांब. बुधवारी मी बाहेर आलो तर मग प्रश्नच मिटला." मग म्हणाला, "एकदा तिकडे गेली ना ताई, मग नाही येणार ती. तिचा भाऊ मला ओळखून आहे."

मी म्हटलं, होईल हो, नक्की होईल. मला अशी नक्की-बिक्की म्हणायची फार वाईट सवय आहे.

त्याच आठवड्यात पत्र आलं. वरून तपासणी समिती येणार. बुधवारी.

आता इथे एक नियम सांगायला लागेल, छोटासाच आहे. तुरुंगात क्षमतेच्या दुपटीपेक्षा जास्त माणसं असली तर तिथे वर्गासाठी वेगळी खोली ठेवता येत नाही, ती खोली आधी झोपायला द्यायची. क्षमतेची दुप्पट दोनशे चाळीस. आत दोनशे शहाण्णव. म्हणजे हॉल गेला, वर्ग गेले, भट्टी गेली. पण समिती मोजणार त्या दिवशी प्रत्यक्ष हजर असलेली डोकी. जो कोर्टात तारखेला गेलाय तो त्या दिवशी आत धरत नाहीत.

मावशीनं हे पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मोजणीकाकांना म्हणाली, "बुधवारी साठ जण तारखेला जातील."

"साठ? मॅडम, आठवड्याला आठ-दहा जातात."

"या बुधवारी साठ जातील."

काकांना कळलं. म्हणाले, "न्यायचे कुठे? कोर्टात एवढे उतरवले तर तिथला शिपाईच बेशुद्ध पडेल."

"दोन मोठ्या गाड्या जुन्या बस डेपोत लावा. शेडमध्ये सावली आहे. पाव द्या, पाणी द्या. संध्याकाळी परत."

काका म्हणाले, "मॅडम, पाहुणे आले की पसारा पलंगाखाली ढकलतात, तसं झालं हे."

"ढकलतातच ना सगळे?" मावशी म्हणाली. पण हसली नाही.

आणि मी? मला ते जाम आवडलं! खरं सांगते, मला वाटलं काय डोकं आहे हिचं. वर्ग वाचवण्यासाठी नियमाला टांग. मीच म्हटलं, यादी मी करते. कोर्टाकडून त्या बुधवारची आठ खरी नावं आली होती, ती छोट्या गाडीत. उरलेली बावन्न मला निवडायची होती. मावशीनं सांगितलं, शांत बसणारे निवड, दिवसभर गाडीत बसायचंय, आरडाओरडा नको. मी दहा मिनिटांत यादी केली. शांत बसणाऱ्यांत मला पहिलं कोण आठवलं असेल? सुतार. अगदी वरच टाइप केला. नावापुढे इतरांसारखंच, "तारखेला नेले."

तुम्ही म्हणाल, त्याची खरी तारीख होती की. होती. त्यानंच सांगितलं होतं मला. पण त्याची कोर्टाची चिठ्ठी त्या आठांत आलीच नव्हती, म्हणून मला वाटलं पुढे ढकलली असेल. वाटलं म्हणजे काय, वाटायलाही मी थांबले नाही. मंगळवारी संध्याकाळी मी बॅग उचलून निघाले होते तेवढ्यात कोर्टाचा माणूस एक चिठ्ठी देऊन गेला. सुताराचीच. उद्या हजर करा. मी उभ्याउभ्याच यादी बघितली. नाव होतं. नावापुढे "तारखेला नेले" होतं. म्हटलं, आहे की! आणि चिठ्ठीवर बरोबरची खूण करून फाइलला लावली.

खोट्या यादीत आणि खऱ्या यादीत एकच शब्द होते. मीच टाइप केलेले. आणि मलाच फरक दिसला नाही.

बुधवारी समिती आली. तिघं जण. बराकीत माणसं पाय पसरून बसलेली, मधून चालायला वाट. हॉलमध्ये पाव भाजल्याचा वास. एका सदस्यानं गरम पाव खाल्ला, दुसऱ्यानं मास्तरांना फळ्यावर काहीतरी लिहायला सांगितलं. मास्तरांनी असं सुंदर अक्षर काढलं की समितीच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. "किती महिन्यांत शिकलात?" मास्तर म्हणाले, "बाई, प्रयत्न चालू आहे." आम्ही सगळे ओठ चावून उभे. जाताना बाई मावशीला म्हणाल्या, "असं आम्ही कुठेच पाहिलं नाही." मावशीनं मान खाली घातली. मला तेव्हा वाटलं ती लाजतेय.

डेपोत काय झालं ते मला काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते त्या गाड्यांबरोबर गेले होते. सुतार सकाळी दाढी करून, शर्ट पाण्यानं सरळ करून गाडीत बसला होता, खुशीत. गाडी कोर्टाच्या चौकातून उजवीकडे वळायच्या ऐवजी सरळ गेली तेव्हा तो उठून उभा राहिला. म्हणाला, "काका, कोर्ट मागं राहिलं."

काकांनी सांगितलं, बस खाली.

"काका, माझी तारीख आहे आज."

तर अख्खी गाडी हसली. कारण तारीख सगळ्यांचीच होती, कागदावर. एक म्हणाला, माझीपण आहे. दुसरा म्हणाला, माझ्या तर दोन आहेत. सुतार म्हणत राहिला, "नाही रे, माझी खरी आहे, खरंच आहे." आणि तो जितका म्हणाला खरी आहे तितके ते हसले. काकांनी त्यांच्या हातातली यादी बघितली, त्यात त्याच्या नावापुढे जे होतं तेच बाकीच्या एकावन्न जणांपुढे होतं. त्यांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. दुपारनंतर तो बोलायचा थांबला. पाव खाल्ला नाही.

काका हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "सव्वीस हजार वेळा मोजली असतील मी माणसं. पण ऐकलं नाही एकाचं."

गुरुवारी सकाळी वकिलाचा फोन आला. पुकारा झाला, माणूस नाही, तुरुंगाच्या कागदावर मात्र 'नेला' म्हणून आहे, मग गेला कुठे? जजसाहेब चिडले, पुढची तारीख दहा आठवड्यांनी. आणि बायको मुलीला घेऊन सकाळी दहापासून कोर्टाच्या व्हरांड्यात बसली होती, संध्याकाळी झाडूवाल्यानं उठवलं तेव्हा उठली.

मावशीनं फोन ठेवला आणि फाइल मागवली. माझी खूण केलेली चिठ्ठी निघाली. तिनं मला काही म्हटलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कोरा कागद घेतला आणि लिहायला लागली. मी विचारलं काय लिहितेस.

"जे झालं ते. माणूस आमच्या चुकीनं कोर्टात आला नाही, तातडीनं जवळची तारीख द्यावी. आज दिलं तर शनिवारपर्यंतसुद्धा होईल."

"पण मग त्या साठ जणांचं? डेपो?"

"ते पण लिहायला लागेल. नाहीतर कोर्ट विचारेल, गाडी होती कुठे?"

आणि इथे मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, शनिवारपर्यंत थांब ना. शनिवारी संध्याकाळी समितीच्या अहवालावर सही होतेय. एकदा सही झाली की मग दे हे पत्र. आज दिलंस तर वर्ग जाणार, तुझी नोकरी जाणार, चाळीस लोकांचं नुकसान. दोनच दिवस तर आहेत!"

ती पेन हातात धरून बसली. म्हणाली, "रविवारी मेहुणा येणार आहे ना त्याचा?" तिलाही माहीत होतं. तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

"शनिवारी दे. एक दिवस आधी होईल की."

मला माहीत नव्हतं का शनिवारी दुपारनंतर कोर्ट बंद असतं? माहीत होतं. मी स्वतःला ते आठवू दिलं नाही, बस. आणि मावशीला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं कागदाची घडी घातली आणि खणात ठेवला. तिची सव्वीस वर्षं एका बाजूला ठेवा, मला तिची तेवढी एक हालचाल आठवते.

गुरुवार, शुक्रवार ती वर्गाकडे फिरकली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. सुतार वर्गात येत होता, शेवटच्या बाकावर बसत होता. मी फळ्याकडे तोंड करून शिकवलं.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता अहवालावर सही झाली. हॉल कायम, वरून दोन शिवणयंत्रं मंजूर, "अनुकरणीय" असा शब्द. काका ती बातमी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून गेले.

रविवार भेटीचा दिवस. जाळीपलीकडे नातेवाईक, अलीकडे माणसं, मध्ये हातभर अंतर आणि सगळे एकदम ओरडून बोलतात. मी फाटकाशी भेटीच्या चिठ्ठ्या लिहायला बसले होते. सुताराची बायको आली, मुलगी बोटाला, मागे एक माणूस बॅगा घेऊन उभा, तो मेहुणा. मी चिठ्ठी लिहिली. ती घेऊन ती गेली नाही.

म्हणाली, "ताई, तुम्ही शिकवता ना यांना? सांगायचे हे. एक विचारू? दहा आठवडे म्हणाले. ते थोडं अलीकडे येईल का हो? येणार असेल तर मी थांबते. भावाला सांगते जा म्हणून. नुसतं येईल एवढं कुणी म्हटलं तरी थांबेन."

मागून भाऊ म्हणाला, "अगं त्यांना काय माहीत, चल."

पत्र खणात होतं. उद्या सकाळी जाणार होतं. मला माहीत होतं. मी वर ऑफिसच्या खिडकीकडे बघितलं. मावशी तिथे उभी होती, तिला फाटक दिसतं तिथून. तिनं मला बघितलं, त्या बाईला बघितलं, बॅगा बघितल्या. आणि पडदा ओढून घेतला.

मी म्हटलं, "मला नाही माहीत हो."

उगाचच नक्की नक्की म्हणत फिरणारी मी. जेव्हा खरंच नक्की होतं तेव्हा हे म्हटलं.

जाळीशी काय बोलणं झालं ते त्या कल्लोळात ऐकू आलं नाही. मुलीनं जाळीतून बोट घातलं होतं तेवढं दिसलं. दुपारच्या गाडीनं ते गेले.

सोमवारी साडेदहाला मावशी स्वतः कोर्टात पत्र घेऊन गेली. सगळं लिहिलं होतं, साठ जण, डेपो, सगळं. यादी कुणी केली तिथे तिनं लिहिलं, "मी." मी वाचलं ते, आणि खोडायला सांगितलं नाही. तिनं घरी आवराआवर केली होती, निलंबन झालं तर क्वार्टर सोडायला लागेल म्हणून. भांड्यांचं एक खोकं बांधूनसुद्धा ठेवलं होतं.

आणि काय झालं माहितीये? काहीच नाही. कोर्टातल्या बाबूनं पत्रावर नजर फिरवली, "गाडी पोचली नाही का, बरं," म्हणाला आणि पुढच्या बुधवारची तारीख दिली. वरच्या ऑफिसानं पत्राची प्रत फाइलला लावली. एक शिक्का आला, "पाहिले." संपलं. ज्याच्या भीतीनं आम्ही गुरुवार ते सोमवार त्या माणसाचा संसार खणात ठेवला, त्या पत्राला कुणी विचारलंसुद्धा नाही. गुरुवारी दिलं असतं तरी "पाहिले" एवढंच झालं असतं.

त्याच सोमवारी कोर्टातून आल्यावर मावशी हॉलमध्ये गेली. वर्ग चालू होता. ती सुताराच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली, सगळ्यांसमोर, आणि तिला कुजबुजता येत नाही हे मी सांगितलंच. "तुझी तारीख खरी होती. आमच्या यादीत तू खोटा गेलास. आणि ते मला गुरुवारी कळलं होतं, मी आज पत्र दिलं. माझी चूक झाली."

सुतार उठून उभा राहिला, मॅडम उभ्या असल्या की सगळेच उभे राहतात तसा.

"बुधवारची चूक म्हणू मॅडम," तो म्हणाला. "गुरुवारपासूनचं चूक नाही म्हणत त्याला."

"काय म्हणतात?"

"मला नाही माहीत. मास्तरांना विचारा." आणि तो बसला. पहिल्यांदा मॅडम उभ्या असताना कुणीतरी बसलं. मास्तर खाली बघत होते. त्यांनी पाय आत घेतले होते.

पुढच्या बुधवारी त्याला जामीन मिळाला. मावशीनं त्याच्या मेहुण्याच्या गावी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मेहुण्यानं उचलला. म्हणाला, पोरीला इथल्या शाळेत घातलंय, बहीण कामाला लागलीय, त्याला म्हणावं ये आणि भेटून जा. भेटून जा. मावशीनं ते सुताराला जसंच्या तसं सांगितलं, गोड केलं नाही. फाटकाशी ती म्हणाली, "स्टँडपर्यंत सोडते तुला." तो म्हणाला, "नको, चालायचंय." आणि गेला. संध्याकाळच्या मोजणीपर्यंत नवीन सहा आले.

माझे शंभर तास पूर्ण झाले. कॉलेजनं सगळ्यात वरचा शेरा दिला. मावशीची सही होती त्यावर.

महिन्याभरानं मावशी आमच्याकडे आली. दारात थांबून हॉल मोजला नाही. आली ती सरळ स्वयंपाकघरात, आईच्या मागे ओट्याशी उभी राहिली. आई खाली बसून विळीवर भाजी चिरत होती. मी दाराशी.

मावशी म्हणाली, "ताई, मला कुणी काही बोललंच नाही गं."

"कशाबद्दल?"

मग तिनं सांगितलं. सगळं. डेपो, बायको, पडदा. फक्त माझं नाव घेतलं नाही. शनिवारपर्यंत थांबायचं मीच ठरवलं म्हणाली. आई विळी बाजूला सरकवून ऐकत होती. आई तशी मोठी बोलणारी आहे, सोडत नाही कुणाला, पण ती इतका वेळ गप्प राहिली की मावशीच म्हणाली, "बोल की काहीतरी. शिव्या दे."

"त्या बाईला एक शब्द सांगता आला नाही तुला?" आई म्हणाली. "एक शब्द? थांब म्हणून? चारचौघींत तुझं कौतुक सांगत फिरते मी. वर्ग चालवते म्हणे. कुणासाठी गं चालवतेस? त्याचं घर मोडून त्याला पाव भाजायला शिकवणार होतीस?"

पन्नाशीला आलेली बाई, अधीक्षक, ओट्याला टेकून उभी. मान खाली, हाताची बोटं मोजत असल्यासारखी. ती "हो" म्हणाली. परत "हो" म्हणाली. आई बोलत राहिली आणि ती ऐकत राहिली. मला दिसलं की तिला तेच पाहिजे होतं, महिनाभर ती त्याच्यासाठीच दारं शोधत होती. पाहिजे होतं म्हणून ते कमी लागत होतं असं मात्र नाही.

मग आई थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. तिनं मला वाढवलंय, मी कुठे कशी उभी राहते ते तिला माहीत आहे.

"आणि यादी कुणी टाइप केली?" तिनं विचारलं.

मावशी म्हणाली, "ताई, तिचा काही—"

"तुला नाही विचारलं."

मी म्हटलं, "मी." आणि मग, कुणी विचारायच्या आत, "शनिवारपर्यंत थांब म्हणूनसुद्धा मीच म्हटलं. आणि त्या बाईला मी सांगितलं, मला नाही माहीत."

आईनं विळी परत ओढली. उरलेली भाजी चिरायला घेतली. आम्ही दोघी तिथेच उभ्या, ती बस म्हणेल म्हणून. ती म्हणाली नाही.